शुभाचे ठोके

सोम., ३ मार्च
सकाळी ७६. चहाच्या आधी, पडूनच. काल विलासने त्याचं जुनं घड्याळ दिलं. मनगटावर बांधून झोपलं की सकाळी विश्रांतीतले ठोके दाखवतं. त्याने नवीन घेतलं म्हणून हे मला. ॲपही त्यानेच माझ्या मोबाइलवर टाकलं, स्वतःच्या लॉगिनने. "चालू झालं ना, बस." त्याचे स्वतःचे ठोके ५६. जेवताना तीनदा ऐकवलं. शुभा म्हणाली, "विलास, कमाल आहे हं तुझी."
विलास माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा, माधवीचा नवरा. त्यामुळे शुभाच्या तोंडी त्याला 'विलास', 'तू'. मला इतकी वर्षं 'अहो'.

गुरु., ६ मार्च
८१. वाट लागली. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. झोप कमी, पाणी कमी, ऊन, सर्दी, टेन्शन, कशानेही चार-पाच ठोके वाढतात. आठवडाभर चढतच राहिले तर या."
काल अंधेरीच्या ऑफिसात एसी बंद होता, दिवसभरात दोन ग्लास पाणी. ते कारण सांगितलं. टेन्शनचं नाही सांगितलं.

रवि., ९ मार्च
मुलुंडला, विलासकडे. गप्पांत माधवी सहज म्हणाली, "हा पहिल्यांदा आमच्याकडे आला तो ताईला बघायला." सगळे हसले. मीही. पत्रिका जुळली नाही म्हणून ते फिसकटलं, दोन वर्षांनी तेच स्थळ माधवीला आलं. मला हे लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तरी दर वेळी आत काहीतरी करपतं. फक्त शुभा हसली नाही, पाणी प्यायला उठली. का उठली?

मंगळ., ११ मार्च
एक कल्पना. घड्याळ शुभाच्या हातात बांधायचं. तिला म्हटलं, पावलं मोजू तुझी. तयार झाली. येत्या रविवारी विलास आमच्याकडे बोरिवलीला येतोय. तोंडाने माणूस काहीही बोलेल, ठोके काय लपवणार.
स्वतःची लाज वाटते. बांधलं तरी.

बुध., १२ मार्च
शुभा ७८.

शुक्र., १४ मार्च
७९. धुळवड. कुठे गेली नाही, पडून होती. एरवी बिल्डिंगमध्ये सगळ्यांत पुढे.

सोम., १७ मार्च
८३. काल विलास येऊन गेला. जेमतेम दोन तास. पाणीपुरवठ्यावर बोलला, माझ्या पोटावर बोलला, पुऱ्या खाल्ल्या आणि गेला. आणि आज ८३. आता अजून काय पुरावा हवा? ऑफिसात एक ओळ धड टाइप झाली नाही.

गुरु., २० मार्च
८४. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर शुभा थांबली, मोबाइल काढून बघत उभी. म्हटलं, "कुणाचा मेसेज?" "कुणाचा नाही. तुम्ही व्हा पुढे." मी झालो पुढे. वर जाऊन दारात उभा राहून मोजलं, चार मिनिटांनी आली. इतका मोठा मेसेज?

शनि., २२ मार्च
८६. तिच्याशी बोलत नाही. तिने विचारलंही नाही का ते. जेवून लगेच आडवी. माझ्या जागी दुसरा असता तर कधीच

सोम., २४ मार्च
दुपारी विलासचा फोन, ऑफिसात.
"दिलीप, बरा आहेस ना रे? त्या घड्याळाचा दर सोमवारी मला मेल येतो, माझंच लॉगिन राहिलं ना. मी कधी उघडत नाही. आज उघडला. दोन आठवडे चढतायत तुझे ठोके. ७८ वरून ८७. अंगावर काढू नकोस, रक्त तपासून घे."
मला आधी कळेचना. मग कळलं. दोन आठवडे मी माझ्या हाताने बायकोचे ठोके ह्याच्या मोबाइलवर पाठवत होतो. तिच्या झोपेतले.
म्हटलं, "माझे नाहीत ते. शुभाचे आहेत."
  तो म्हणाला, "मग आजच ने तिला." कारण विचारलं नाही, घड्याळ तिच्या हातात कसं तेही नाही.

मंगळ., २५ मार्च
डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. "दम लागतो?" शुभा म्हणाली, "जिन्यात लागतो. महिना झाला. दुसऱ्या मजल्यावर थांबते, मोबाइल काढते, म्हणजे लोक विचारत नाहीत." मी खुर्चीत बसलो होतो. उठून तिच्याजवळ जायला हवं होतं.
रक्त दिलं.

गुरु., २७ मार्च
हिमोग्लोबिन सात. अंगात रक्तच नाही, म्हणून हृदय धावतंय. रक्त कुठे जातंय ते शोधायचं. सोनोग्राफी झाली, काहीतरी दिसतंय म्हणाले, नीट सांगेनात. पुढची तपासणी सोमवारी.
रिक्षात तिने माझा हात धरला. "अहो, मला स्वतःला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"
म्हटलं, "घड्याळात दिसत होतं. रोज लिहून ठेवायचो."
"एवढं लक्ष असतं तुमचं माझ्याकडे?"
हो म्हटलं.
खोटं नाही. लक्ष होतंच. रोजचा आकडा माझ्या अक्षरात आहे. मी त्यात वाचलं एक आणि विलासने वाचलं दुसरं. त्याचं बरोबर निघालं. ह्याचाही मला मत्सर वाटतोय, आज, तिचा रिपोर्ट मांडीवर असताना. काय माणूस आहे मी.

शनि., २९ मार्च
शुभा ८८. घड्याळ काढायला तयार नाही. शेजारच्या वहिनींना मनगट दाखवून सांगत होती, "ह्यांनी पकडलं. नाहीतर मी कुठली जाते डॉक्टरकडे." चेहरा इतका खूश की मी आत निघून गेलो.
उद्या पाडवा. विलास-माधवी जेवायला येणार. तो बोलून जाईल सहज, मेल आला म्हणून. म्हणजे त्याला आधी फोन करायला हवा, की बाबा रे, तिला सांगू नकोस. मग माझ्या बायकोबद्दल त्याचं आणि माझं एक गुपित होणार. तेवढंच राहिलं होतं.
नाहीतर मीच तिला सांगायचं. सगळं, घड्याळ बांधलं त्या मंगळवारपासून.
दोनदा विलासचा नंबर लावला, वाजायच्या आत कट केला. आतून शुभा हाका मारतेय, उद्या श्रीखंड विकतचं आणायचं की