शंभर टक्के लोकर

प्रिय मोहिनी,

मंगळवारी दुपारी एक धागा जळायच्या ऐवजी वितळला, आणि तिथून माझं सगळंच बदललं.

फोनवर तू सांगितलंस तसं केलं. दुकानातल्या घोंगडीचा धागा उपसला, काडी लावली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो. आमच्या बोरीच्या घरात मेंढरांच्या कातरणीच्या दिवसांत चुलीत चिमूटभर उडाली तरी घरभर तोच वास असायचा. इथं तो आलाच नाही. धागा आकसला, टोकाला काळा टणक मणी उरला. अजून खिशात आहे तो.

मी दिलेली घोंगडी तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलीस आणि अॅक्रिलिक आहे म्हणालीस, तेव्हा किती तोंड सोडलं मी! ‘मेंढरं आमी राखली अन् लोकर तू मला शिकवतीस व्हय?’ म्हणून फोन आपटला. असंच डोकं फिरलं तेव्हा सरांसमोर जर्नल फाडलं होतं आणि जुन्नरचं कॉलेज सोडलं होतं. तू पानं गोळा करत म्हणालीस, अक्षर तरी लई छान आहे रे तुझं.

त्या अक्षरानंच घात केला. दुकानात नवीन माल आला तेव्हा सोपानशेठ म्हणाले, ‘गोरक्ष, तुमच्या घरात मेंढरं, लेबलाचा मजकूर तूच लिही. माल लोकरीचा हाय.’ प्लॅस्टिक उघडून नुसता हात फिरवला असता तरी कळलं असतं. पण तू पुण्याच्या कॉलेजला निघाली होतीस, एसटी दोनला होती. कॉलेज सुटल्यावर तुझी डिंभ्याची बस चुकली की आपण स्टँडवर तासन् तास बसायचो; ते आता संपणार, एवढंच डोक्यात होतं. ‘१०० टक्के शुद्ध लोकर’ खरडलं, वरचीच एक घोंगडी तुझ्यासाठी उचलली आणि पळत सुटलो.

मंगळवारी शेठना मणी दाखवला. ते हसले. ‘बाया स्वेटरचा गुंडा मागताना काय म्हणत्यात? लोकरच ना? मग ही काय वांगी हायेत व्हय रं?’  माझी आई त्या रंगीत गुंड्यांनाही लोकर म्हणते आणि आबांनी कातरलेलीलाही लोकरच. बोलण्यात ते खपून जातं. पण लेबलावर धाग्याचं खरं नाव आणि टक्के लिहायचा नियम आहे, असं तू म्हणाली होतीस. आता पटतंय. घेणारा प्रत्येक जण काही काडी लावून बघत नाही.

उद्या हा माल पुण्याच्या प्रदर्शनाला जातोय. मी लिहिलेलीच लेबलं छापून शिवायला माझ्यासमोर ठेवलीत. शिवायची नसतील तर वाट मोकळी आहे, असं शेठनी बजावलंय. या वेळी मी ओरडलो नाही. काही फाडलंही नाही.

सोबत एक लेबल पाठवतोय, माझ्या हातचं: ‘१०० टक्के अॅक्रिलिक’. तुझ्या घोंगडीला हे लाव. आणि अजून एक दुरुस्ती. स्टँडवर घोंगडी देताना ‘मित्र म्हणून देतोय’ म्हणालो होतो. तेही खोटंच लेबल. खरं नाव तुला केव्हाचं ठाऊक असेल. तुझ्याकडचं काय ते कळव. फोन आपटणार नाही. शेठच्या लेबलांचा गठ्ठा न शिवता होता तसाच आहे. पाकीट मण्याशेजारी खिशात ठेवतो, बाहेर पडतो आणि दुकानाचं दार हळूच ओढून घेतो.

तुझाच, हवं तर काडी लावून बघ,
गोरक्ष