कोरड्या वाफ्याचं पाणी

१४ जाने.
संक्रांतीच्या सुट्टीतही बोरी अरब गावाला. बसने कंबर मोडली. देवकाबाईंच्या शेतातली अश्वगंधा खणली. एकाच झाडाचं बी, वाफे दोन. एक काळ्या मातीत, वेळच्या वेळी पाणी. दुसरा चढावरच्या मुरमाड बरडावर, पावसाखेरीज थेंब नाही. मुळातलं औषध बियाण्यातून येतं की मातीपाण्यातून, एवढंच बघायचं. गेल्या वर्षी बरडावरची मुळं काडीसारखी, पण सत्त्व त्यांच्यातच जास्त. गाईड सर म्हणाले, एका वर्षाचं कोण धरतं, पुन्हा करा. पीएच.डी.ची मुदत जूनपर्यंत. वय पन्नास. हे शेवटचं.
आज बरडावरची मुळं बोटाएवढी जाड! दे.बाई खूश. मी तिळगूळ खाल्ला आणि मुळं पिशव्यांत भरली.

२ फेब्रु.
प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोन्ही वाफे जवळपास सारखे. म्हणजे सगळं बियाण्यातच? मग गेल्या वर्षीचं काय? सर : "पिशव्यांची अदलाबदल केलीत का?" स्टाफरूममध्ये रडू आलं. कंटाळा आलाय या सगळ्याचा.

८ फेब्रु., रवि.
पुन्हा बोरी. विहिरीपासून बरडापर्यंत चक्क पायवाट पडलेली. पळसाखाली कळशी. विचारलं, तर दे.बाई ताठ मानेने,
"मीच टाकलं पानी. मागच्या साली तुमच्या मुळ्या काडीवानी निघाल्या, तोंड पाडून गेल्या तुमी. मले वाटलं, असं पीक पाहून तुमाले नापास करतीन. नुसतं 'पानी नोका देऊ' सांगाले तुमच्या सायबाचं काय जाते!"
दुखऱ्या गुडघ्यांनी चढ चढून, रोज दोन कळशा. आधी वाटलं, विहिरीत ढकलावं. तिला की स्वतःला, माहीत नाही. मग त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. 'थँक्यू'सुद्धा म्हणून आले.
पाणी देऊ नका, एवढंच मी सांगितलं होतं. का, ते नाही. पंचवीस वर्षं शिकवतेय म्हणे!

११ फेब्रु.
सर फोनवर : "पाण्याचं लिहूच नका. कोरडवाहू लिहा न् मोकळ्या व्हा." मोह झाला. खूप झाला. दुपारभर पाण्याचा रकाना कोरा ठेवून बसले. शेवटी लिहिलं : बरड वाफा, पाणी दिलं. मुदतवाढीचा अर्ज टाकला.

२ मार्च
अर्जाचं उत्तर नाही. संध्याकाळी दे.बाईंचा फोन.
"मॅडम, झाल्या का पास?"
"नाही हो. मुदत वाढली तर पुन्हा पेरावं लागेल."
लगेच दे.बाई,
"तुमी नोका घाबरू. औंदा मी बरडावर पाइपच टाकून देतो."
पाणी का नको, ते आता सांगायलाच हवं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडे गाय सुटली न् फोन बंद.
उद्या सांगते. उद्या नाही तर रविवारी जाऊनच.