बाटली क्रमांक दोनमधील उरलेल्या भुकटीबाबत

प्रति,
मा. संचालक,
गोदाखोरे जलजीव संशोधन केंद्र,
नाशिक.

विषय : माझा निष्कर्ष रद्द करण्याबाबत व बाटली क्र. २ मधील उरलेला नमुना परत मिळण्याबाबत.
संदर्भ : केंद्राचा वार्षिक अहवाल २००१-०२, पृष्ठ ४१.

महोदय,

मी घोटी येथील महाविद्यालयातून निवृत्त झालेला प्राणिशास्त्राचा अध्यापक असून इंदिरानगर येथे राहतो. संदर्भातील टीप माझी आहे. ती छापण्याजोगी आहे की नाही, याची मला तेव्हाही खात्री नव्हती.

गोड्या पाण्यातील डॅफ्निया हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव मी घरी तीन बरण्यांत वाढवले. खाद्य तिन्हींत एकच, हिरवे शेवाळ. तापमान वेगळे : पहिली बरणी खोलीत, दुसरी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, तिसरी दिव्याखाली. वाळवलेले नमुने बरणीच्याच क्रमांकाच्या बाटल्यांत भरून दिले व केंद्रामार्फत तपासले गेले. दुसऱ्या बरणीतील जिवांत जड नायट्रोजनचे, म्हणजे नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे, प्रमाण जास्त आढळले. हा थंडीचा परिणाम, असे मी लिहिले.

ते चूक आहे.

माझी पत्नी नवसाबाई जानेवारीत वारली. गेल्या आठवड्यात फ्रिज पुसताना आमच्याकडे काम करणाऱ्या लताबाई सहज म्हणाल्या, "सर, बाई फ्रिजमधून दूध काढताना त्या बरणीत रोज दोन थेंब टाकायच्या. म्हनायच्या, एवढ्या गारठ्यात नुसत्या शेवाळावर कसे राहतील गं ते. सरांना सांगू नको, लगेच वहीत लिहितील."

म्हणजे तिन्ही बरण्यांचे खाद्य एक नव्हते. जीव जे खातो त्यातला नायट्रोजन त्याच्या शरीरात उतरतो, हे मी तेवीस वर्षे शिकवले; जास्तीचा जड नायट्रोजन त्या दुधातला. माझ्या वहीत ‘पाणी किंचित गढूळ, थंडीमुळे असावे’ अशी नोंद बारा ठिकाणी आहे.

आपल्याकडील संशोधक कु. रूपाली शिरसाठ यांचे थंडीच्या परिणामाबाबतचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून बाजूला ठेवल्याचे समजते. त्यांचे बरोबर असावेत. माझा निष्कर्ष रद्द करावा.

हे पत्र लिहिण्यापूर्वी प्रयोग पुन्हा करून पाहिला. मोजून दोन थेंब टाकले. जीव तिसऱ्या दिवशी मेले. तिचा थेंब केवढा असे, हे मला माहीत नाही.

निष्कर्ष रद्द झाल्यास नमुना नष्ट करावा, असा आपला नियम आहे. नियमाबद्दल तक्रार नाही. बाटली क्र. २ मध्ये चिमूटभर भुकटी उरली असेल, ती मला मिळावी. मागणीच्या छापील फॉर्ममध्ये ‘नमुना कशासाठी हवा’ असा रकाना आहे. त्यात मी पेन्सिलीने दोनदा लिहून पुसले. भुकटीचा शास्त्रीय उपयोग काही नाही. रकाना कोरा राहिला आहे. तेवढ्यावरून अर्ज नामंजूर होऊ नये.

आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.

खंडेराव बारकू माळोदे
इंदिरानगर, नाशिक
दि. १७ मार्च २००३

सोबत :
१) नोंदवही
२) छापील फॉर्म
३) रिकामी बाटली, धुऊन वाळवलेली, झाकणासह