अर्धा वॅट

आबा, परवा वर्गात एका मुलीनं मला साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. तुम्ही असता तर नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं. मी आता बारामतीत वायरमनचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. एलईडीचे दिवे कसे निवडायचे, खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे, कुठला दिवा गोठ्यात टिकतो आणि कुठला फक्त दिवाणखान्यात, हा माझा विषय. तुम्ही गेलात तेव्हा घरोघरी बल्ब आणि ट्यूबलायटी होत्या, आता गोठ्यापासून विहारापर्यंत सगळीकडे एलईडी आहे. मुलांना वाटतं हा दिवा गारच असतो आणि कधी जात नाही. मी त्यांना सांगते, उजेड गार, पण पाठ गरम; ती पाठ बंद डब्यात कोंडली की खोक्यावर छापलेलं आयुष्य खोक्यावरच राहतं. हे वाक्य मी ऐटीत म्हणते. कुठं शिकले ते मात्र सांगत नाही.

दर बॅचला पहिल्या आठवड्यात मी तुमची गोष्ट सांगते. नाव घेत नाही, माझे वडील असंही म्हणत नाही. एक फार जाणते वायरमन होते, असं सुरू करते. वीज आहे का ते बघायचा टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय त्यांनी जन्मभर कशाला हात लावला नाही, आणि एकच दिवस तो लावला नाही; नेमकी त्या दिवशी बंद वाटलेल्या पॅनेलमध्ये एक फेज चालू होती. मग मी म्हणते, अनुभवी माणसाची चूक अशी असते. परवा बावड्याकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, पण पॅनेलवर दिवं व्हतं ना? एक फेज चालू व्हती तर तिचा दिवा का न्हाय लागला?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी फळा पुसत म्हणाले, जुना असेल, उडाला असेल. तो जुना नव्हता, आबा. जेमतेम दोन महिन्यांचा होता, आणि मी केलेला होता.

आपलं दुकान मला अजून वासासकट आठवतं. वॉर्निशमध्ये बुडवलेली कॉइल बाहेर वाळत टाकलेली, आत तांब्याच्या तारेची रिळं, आणि तुम्ही स्टुलावर बसून जळलेली मोटर नव्या तारेनं भरताय. तुमची बोटं तारेच्या पुढं पळायची. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, पण मोटरच्या पाटीवरचे आकडे तुम्ही पोथी वाचल्यासारखे वाचायचे: किती व्होल्ट, किती अँपिअर, किती हॉर्सपॉवर. गिऱ्हाईक काही सांगू लागलं की म्हणायचे, तुमी थांबा, आधी पाटीला बोलू द्या. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असताना काटेवाडीच्या एका गोठ्यात मी घरातला साधा होल्डर पत्र्याखाली बसवला होता. दिवा लागला, मी खूश. तुम्ही तो उतरवला आणि माझ्या हातात दिला. येताना वाटेत एवढंच म्हणालात, की दिवा लागणं हे निम्मं काम झालं. गाईच्या ओल्या पाठीचा विचार कोण करणार? मी आठ दिवस फुगून होते. डिप्लोमा मी करत होते ना, तुम्ही थोडेच.

पास झाले तेव्हा तुम्ही मला टेस्ट लॅम्प करून दिलात. दोन होल्डर, दोनशे वॅटचे दोन बल्ब एकामागं एक जोडलेले, पुढं दोन वायरी. दोन फेजांमध्ये एकटा बल्ब उडतो म्हणून दोन. लोक लेकीला पास झाल्यावर घड्याळ देतात, माझ्या वडलांनी बल्ब दिले, असं मी मैत्रिणींना हसत सांगितलं. मी तेव्हा एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात लागले होते. तिथं पहिल्यांदा दिव्यांच्या जागी एलईडी बसवताना बघितले आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

बावड्याच्या पुढं नदीकाठी शेतकऱ्यांचं सामाईक पंपहाऊस होतं. तिथलं काम तुमच्याकडं. स्टार्टरच्या पॅनेलवर तीन फेजचे तीन छोटे बल्ब, आणि लाईट आहे का नाही ते तिथला ऑपरेटर त्या तीन बल्बांकडं बघूनच ठरवायचा. पंप सुरू झाला की सगळा पत्रा थरथरायचा आणि बल्बच्या तारा पंधरा दिवसांत तुटायच्या. एलईडीत तुटायला तारच नाही. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलईडी आणले आणि जुन्या बल्बांच्या टोप्यांत बसवले. तीन फेजचे तीन ठरलेले रंग: लाल मिळाला, पिवळा मिळाला, निळा तेव्हा बाजारात मिळत नव्हता म्हणून तिसरा हिरवा. प्रत्येकाच्या मागं उलटा करंट अडवायला एक डायोड आणि करंट आवरायला एक रेझिस्टर. आईनं भाकरी थापता थापता बघितलं आणि विचारलं, एवढ्याशा खड्यानं उजेड पडंल व्हय? तुम्ही एकेक दिवा उचलून डोळ्यांजवळ नेलात आणि विचारलंत, "ह्याची पाटी कुठं हाय?"

मी म्हणाले, याला पाटी नसते आबा, याचा हिशोब करावा लागतो, तो मी केलाय. केला होताच. रेझिस्टर किती ओहमचा हवा ते मी वहीत दोनदा मांडून काढलं होतं आणि उत्तर बरोबर होतं. पण रेझिस्टरला दुसरा आकडा असतो, तो किती वॅटची उष्णता सोसतो त्याचा. माझ्या जोडणीत तो दीडेक वॅट तापणार होता. मी लावला अर्ध्या वॅटचा, कारण कारखान्यातून आणलेल्या पुडीत तेच होते. दुकानात अर्धा तास लावून बघितला, लागला. दिवा लागणं हे निम्मं काम असतं, हे काटेवाडीच्या रस्त्यावर ऐकलेलं मी विसरले होते. तुम्ही ते तिन्ही दिवे पंपहाऊसला बसवलेत आणि दिसेल त्याला सांगत सुटलात, माझ्या पोरीनं केल्यात.

एप्रिलमध्ये ऑपरेटरचा निरोप आला, स्टार्टर कडकड वाजतोय. तुम्ही गेलात. तुम्ही पोहोचायच्या आधीच त्यानं मेन स्विच ओढून बंद केला होता. त्या जुन्या स्विचचं एक पातं आत चिकटून राहिलं होतं, ते बाहेरून कुणाला दिसणार? लाल फेज चालूच होती. पण बंद पत्र्याच्या डब्यात, त्या उन्हाळ्यात, लाल दिव्यामागचा माझा रेझिस्टर जळून तुटला होता. तुम्ही बघितलंत तेव्हा तिन्ही दिवे बंद. टेस्ट लॅम्प पिशवीत होता. ऑपरेटरनं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, आबा, बल्ब लावून बघताय न्हवं? आणि तुम्ही म्हणाला होता, "पोरीचं दिवं हायत, ते खोटं न्हाय बोलायचं." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर्गात गोष्ट सांगतानाही मी ते गाळते.

आणि तुम्ही उघड्या स्टार्टरला हात घातलात. जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं भाजून आखडली ती आखडलीच. दोन दिवसांनी मी पंपहाऊसला गेले. लाल दिव्याची टोपी फिरवून काढली तर रेझिस्टर काळा कोळसा, मधोमध तुटलेला. इतर दोनही भाजून तपकिरी झालेले, जायच्याच बेतात. मी तिन्ही दिवे पर्समध्ये टाकले, जुने बल्ब परत लावले आणि ऑपरेटरला म्हणाले, हेच बरे. घरी येईपर्यंत ठरवलं होतं की सांगायचं. घरी माणसं भेटायला आली होती आणि तुम्ही बँडेजचा हात वर धरून प्रत्येकाला सांगत होता की चूक माझीच, टेस्ट लॅम्प लावला न्हाय. मला वाटलं, आत्ता नको, माणसं जाऊ देत. माणसं गेली, महिने गेले.

मोटर भरणं थांबलं. तुम्ही दुकानात बल्ब आणि प्लगच्या पिना विकायला बसलात. सकाळी शर्टाची बटणं आई लावायची आणि लावता लावता बोलायची, जगाला शिकवलं आन् सोता हयगय केली. रोज. तुम्ही मान वर करून उभे असायचे, लहान मुलासारखे, आणि एकदाही उलटून बोलला नाहीत. मी तिथंच डबा भरत असायचे. एका शब्दाचं काम होतं, आबा. मी झाकण लावायचे आणि निघायचे. मी भित्री होते असं म्हणून सुटका नाही. मला तुमच्या नजरेतली हुशार पोरगी राहायचं होतं, आणि त्यासाठी मी तुम्हाला बेफिकीर ठरू दिलं.

एकदाच तुम्ही विचारलंत. दुकानात आपण दोघंच होतो, दुपार होती, तुम्ही डाव्या हातानं चहा पीत होता. म्हणालात, "पोरी, त्यो लाल दिवा कशानं गेला आसंल?" मी म्हणाले, व्होल्टेज जास्त आलं असेल. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग "आसंल" म्हणून बशी खाली ठेवलीत. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, यावर मी इतकी वर्षं घालवली. माहीत असेल तर तुम्ही मला वाट करून दिली होती आणि मी गेले नाही. माहीत नसेल तर तुम्ही माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा विश्वास टाकलात.

परवापासून मी ठरवलंय की त्या मुलीला खरं सांगायचं. तो काळा रेझिस्टर माझ्या टेबलाच्या खणात आहे, तो तिच्या हातावर ठेवायचा आणि विचारायचं, याचे ओहम बरोबर आहेत, मग चुकलं काय? ते जमेल असं वाटतं. वर्गात चूक सांगितली की लोक मॅडमला मोठ्या मनाची म्हणतात, त्यात फार काही जात नाही. तुम्हाला लिहिणंही जमलं, कारण तुम्ही वाचणार नाही आणि हे कागद पोस्टात टाकायचेही नाहीत.

आई अजून आहे. डोळे अधू झालेत, जीभ तशीच. तुमच्या फोटोवरची धूळ पुसताना अजूनही म्हणते, एवढा शहाणा माणूस, पर त्या दिशी हयगय केली. आत्ता ती पलीकडच्या पलंगावर शेंगा सोलत बसली आहे. हे शेवटचं पान सुरू केलं तेव्हा तिनं विचारलं, "कवापासनं लिव्हतीयास, काय एवढं?"

मी म्हणाले, काही नाही, उद्याच्या तासाची तयारी.