आधी पुरतं मरू द्यावं

३ जून
निवृत्त मांस-तपासनीस बाईला कोणी मानाने बोलावलं, तर तिने नटूनथटून जावं. मी तशीच आले. इथल्या बेंतांकोरच्या कत्तलखान्यातलं गोमांस चामड्यासारखं चिवट निघतं, राजधानी मोंतेविदेओची गिऱ्हाइकं ते परत पाठवतात. कारण मी शोधायचं. इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, पण घरमालकीण झुल्मा प्रेमळ आहे, शेगडी धगधगती. गावात ज्याच्या त्याच्या मुठीत येर्बाच्या पानांच्या गरम काढ्याने भरलेला, पोखरलेला छोटा भोपळा. एकाच नळीतून सगळ्यांनी ओढायचं! मठाच्या शाळेत सिस्टरांनी मला असं वाढवलेलं नाही. मी नको म्हटलं. झुल्मा मला मानाने डोन्या म्हणते. म्हणाली, बघा हं डोन्या एर्मेलिंदा, इथे हात गार ठेवून भागत नाही.

५ जून
कारण कत्तलखान्याच्या दारातच सापडलं. सोललेलं जनावर आकड्याला लागतं न लागतं तोच हा बेंतांकोर त्याला बर्फाळ वाऱ्याच्या खोलीत ढकलतो. स्नायूंत अजून धुगधुगी असते. ते गारठ्याने आखडतात आणि तसेच राहतात. मग कितीही शिजवा. आधी जनावर पुरतं मरू द्यावं, अंग ताठू द्यावं, मग गार करावं. मी मठाच्या शाळेतल्या शिस्तीचा दाखला दिला. बेंतांकोर म्हणाला, बाहेर ठेवलं की ओलावा उडतो, वजन घटतं, ते काय तुमच्या सिस्टर भरून देणार? वर दात काढत फासळ्या धाडल्या. निर्लज्ज!

८ जून
फासळ्या निखाऱ्यांवर भाजून खाल्ल्या. जबडा दुखला. गाव हेच खातं, दुसरं मिळत नाही. झुल्माने सांगितलं, माझ्या आधीचा तपासनीस, म्हातारा अरिसमेंदी, इथेच वारला. पाद्री फक्त रविवारी येतो. तोवर मेलेलं माणूस बेंतांकोरच्या थंड खोलीत ठेवतात. अरिसमेंदीला बाहेर काढलं तेव्हा गुडघे हनुवटीला टेकलेले. शवपेटीचं झाकण बसेना. मी विचारलं, तो मेलाय याची खात्री कोणी केली होती? झुल्माने गरम भोपळा माझ्यापुढे सरकवला.

११ जून
रात्रीचं दंव गोठून पांढरं झालंय. नळाखाली हात धुताना बोटं मिटली, उघडेनात. गरम पाण्यात सुटली. संधिवात, दुसरं काय.

१२ जून
संधिवात नव्हे. बेंतांकोरला खडसवायला थंड खोलीत गेले. आकड्यावरचं मांस हळूहळू आकसत होतं — आणि त्याच्याबरोबर माझी बोटं. ज्याने ज्याने ते खाल्लं, त्याची. ऊब असली की बोटं मिटत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या मुठीत भोपळा! बेंतांकोर हातमोजे काढत नाही. म्हणाला, भोपळा धरायला शिका डोन्या, सगळे शिकतात.

१४ जून
दक्षिणेचा बर्फाळ वारा सुटलाय. लाकडं ओली. झुल्मा बहिणीकडे, सकाळी येईल. पाणी तापवायचं — आगकाडी धरता येत नाही.

पेन मुठीत अडकलंय. पाठ वाकतेय. गुडघे —

छातीत अजून धुगधुगी आहे. बघणाऱ्याला कळणार नाही. दातखीळ बसली, हाक मारता —

झुल्मा, आधी नाडी बघ. बेंतांकोरला बोलावू नकोस. मला पुरतं मरू दे, मगच त्या खोलीत