गणती बरोबर आली होती

आबा, तात्यांनी मेंढरं विकली. तुम्ही जाताना सगळा कळप धाकट्या भावाच्या हवाली केला होतात, तो आता राहिला नाही. एका सकाळी टेम्पो आला आणि रिकामं करून गेला. ती माझ्यामुळे विकली, हेही मीच सांगितलेलं बरं.

डिंगोऱ्याच्या रानातली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. मी पाचवीत होते, पाढे पाठ झाल्याची लई मिजास होती. रात्रीसाठी मेंढरं जाळीच्या कुंपणात घालताना तुम्ही म्हणालात, मोज. मी मोजली, चौसष्ट. हवी तेवढीच. ऐटीत आकडा सांगून मी चुलीपाशी जाऊन बसले. आई भाकरी थापतेय, तुम्ही कळपावर नुसती एक नजर फिरवता आणि काठी उचलून परत ओढ्याकडे निघता. दुसऱ्या कुणाची तरी एक मेंढी आपल्यात मिसळली होती आणि आपली लंगडी मागं राहिली होती. तिला खांद्यावर घालून आलात तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणालात, "आलं किती ते काय मोजती? कोन न्हाई आलं ते बग." मला रागच आला होता, कारण माझी गणती तर बरोबर होती.

पुढे ओतूरला कॉलेज केलं, मग पुण्यात कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकले आणि एका संस्थेत लागले. बिबट्याचा जिथे जास्त त्रास तिथे सौरदिवे आणि मजबूत जाळ्या द्यायच्या, असं तिचं काम. कुठे द्यायच्या ते माझ्या नकाशावरून ठरायचं. जनावर मारल्याचा पंचनामा झाला की नकाशावर एक लाल टिपका. बागायती गावं टिपक्यांनी भरून गेली. पारगावच्या अलीकडचा माळ मात्र कोराच्या कोरा राहिला. मी त्यावर लिहिलं, 'धोका कमी'.

आणि मला माहीत होतं, आबा. आपलं कोकरू वाघानं मारलं होतं (बिबट्याला आपण वाघच म्हणायचो), तेव्हा शेतमालकानं पंचनामा करायला सांगितलं होतं. फॉरेस्टचे साहेब येईपर्यंत कोकरू आहे तिथंच ठेवायचं, आपणही हलायचं नाही. दोन दिवस, चार दिवस, कोण सांगणार? त्या रानातला चारा तर संपला होता. "मेलेल्यापायी जित्यांना उपाशी ठिवू का?" म्हणालात आणि मुक्काम हलवलात. सगळे मेंढरंवाले तेच करतात. माळ कोरा होता तो वाघ येत नव्हता म्हणून नव्हे, तर सांगायला कुणी थांबत नव्हतं म्हणून. ऑफिसात हे माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं?

आमच्या साहेबांनी विचारलंसुद्धा. माणूस चांगला आहे. बैठकीत त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, इथे मेंढपाळ वगैरे उतरतात का कुणी? मी त्याच भागातली, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. उतरतात, माझा चुलताच उतरतो, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मी कुणाची पोर ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. शेतकरी कुटुंब आहे असं सांगून ठेवलं होतं. मेंढरांचा वास अंगाला येतो म्हणून शाळेत पोरी माझ्याशेजारी बसायच्या नाहीत, तो वास मला परत नको होता. मी म्हणाले, "डेटामध्ये तरी तसं काही दिसत नाही, सर." बघा, धड खोटंही बोलले नाही.

दिवे दुसरीकडे गेले. दिवाळीनंतर तात्या त्याच माळावर उतरले. उजाडता उजाडता जाळीपाशी वाघानं त्यांचा उजवा हात धरला. जीव वाचला, पण हात आता उचलत नाही. मेख ठोकता येत नाही, लोकर कातरता येत नाही. मग मेंढरं ठेवून करणार काय?

दवाखान्यात भेटायला गेले तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कौतुकानं सांगत होते, ही आमची पोरगी, वाघाचं नकाशे करती. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "तुज्या हापिसात सांग बाय, आमच्यासारक्याला येकांदी बत्ती द्या म्हनावं. आमी हाय हेच कुनाला ठावं न्हाई."

मी म्हणाले, सांगते तात्या. आणि त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.

नंतर मी मुक्कामामुक्कामावर फिरून वाघानं कुणाचं काय नेलं ते विचारत गेले. महिनाभरात नकाशावर तो माळ लाल झाला. पुढच्या बैठकीत साहेब म्हणाले, ही चूक आपल्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती, हिनं शोधून काढली. टाळ्या वाजल्या आणि मी उभी राहून त्या घेतल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी घेतल्याच.

तात्या आता घरीच असतात. दिवसभर ओट्यावर बसून डाव्या हातानं पेपर धरतात आणि जाहिरातींसकट सगळा वाचून काढतात. मी गेले की अजून विचारतात, सांगितलंस का गं हापिसात? सांगितलं म्हणते. कधी सांगितलं, ते विचारत नाहीत.

आबा, तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. तात्यांना येतं. म्हणून तर हे तुम्हाला लिहिलं.