दोन गप्पी

४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कमळाचं कुंड तीन आठवड्यांत रिकामं करा, अशी आरोग्य खात्याने तुला नोटीस दिली हे वाचलं. भावोजींना जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या हातचं आता तेवढंच हलतंडुलतं उरलंय, तू ते उपसणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण त्यात डासांच्या अळ्या आहेत, हेही तूच लिहिलंस. औषध ओतू नकोस, मुळं जळतील. बादल्या पालथ्या घाल, खिडक्यांना जाळी बसव, आणि माझं ऐक, दोन गप्पी आणून ठेव. खायला घालावं लागत नाही, काही त्रास नाही. आठवड्यात फरक दिसेल.

जेवतेस ना? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विचारलं डासांचं, सांगतेस गप्पांचं. मला गप्पी नकोत, एकही नको. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून गावाच्या गप्पा जोडून दिल्या, माझा वाटा संपला. शेजारीण रोज येऊन काळ हेच औषध म्हणते. तिला म्हटलं, मग चमचाभरच दे. वर तू म्हणतेस खायला घालावं लागत नाही. असली बडबडी माणसं कुठे मिळतात ते कळव, माझ्याकडची बशी चाटूनपुसून जातात.

मला काही होत नाही. रडूही येत नाही. सकाळी दोन कप काढते, एक परत ठेवते. एवढंच.

अळ्या वळवळताहेत. २१ तारखेला, गुरुवारी, तपासणीस येणार. एक जरी दिसली तरी तो कुंड जागेवर उलटं करणार.

लोभ असू दे, सल्ले आवर.

ताई

१३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचून आधी हसले, मग कपाटाला टेकून उभी राहिले. अगं, गप्पी हे मासे. बोटाच्या पेराएवढे असतात, अळ्या खातात. बाबांनी तुला कॉन्व्हेंटात घातलं आणि मला आपल्या शाळेत, त्याची ही फळं. आरोग्य केंद्रात मागितले की देतात. आजच जा.

माणसांचं मी काही म्हटलंच नव्हतं, ताई. म्हणायला हवं होतं. मी येऊ का?

रागावलीस तरी आपलीच समज.

तुझी धाकटी

२२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सिस्टरांनी देवमाशापर्यंत शिकवलं, गप्पीपर्यंत पोचल्या नाहीत. दोन मागितले, केंद्रातल्या बाईने बरणीभर दिले. चार दिवसांत पाणी साफ.

काल तपासणीस आला. पळीने पाणी काढून पांढऱ्या थाळीत बघितलं. एकही अळी नाही. कुंड राहू दे म्हणाला. मग कागद पुढे करून कुंड कोणाचं, असं विचारलं. मी यांचं नाव सांगितलं. त्याने ते लिहिलं आणि यांचीच सही लागेल म्हणाला. मी म्हटलं, ते बाहेर गेलेत. तो म्हणाला हरकत नाही, पुढच्या गुरुवारी येतो.

मला ते खोटं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. दार लावलं आणि भांडी घासली.

तर तू ये, बुधवारपर्यंत ये. गुरुवारी तो सही मागेल, तेव्हा काय झालंय ते तू सांग. आज दुपारभर मोठ्याने म्हणून बघितलं. माझ्या तोंडून ते वाक्य निघत नाही.

लोभ घेऊनच ये.

ताई